समायोजनाचा उत्तम नमुना

माझ्या खिडकीवर नेपाळचा माणूस कधीच आला नाही. त्याला यायची गरजच नव्हती. आमच्या कार्यालयाचा पहारेकरी नेपाळी होता. त्याचं नाव टेकराज, पण सगळे त्याला बहादूर म्हणत आणि तोही ओ देई. परदेशी नागरिकांच्या फायलींनी भरलेल्या खोल्यांची किल्ली या परदेशी नागरिकाच्या कमरेला असे, आणि त्याच्याकडे भारतात राहण्याचा एकही कागद नव्हता. कायद्याने लागतच नव्हता. साहेब लोक रोज सकाळी त्याचा सलाम घेत आत जायचे आणि परकीयांपासून देश वाचवायच्या कामाला लागायचे.

कार्यालयाचं नाव सांगत नाही. ज्यांना तिथले फेरे पडलेत ते ओळखतील, बाकीच्यांना न ओळखण्याचं भाग्य लाभो. मी मूळची सांगलीची. मिस्टर बँकेत, मी केंद्र सरकारात. बदल्या होत होत जयपूरला आलो आणि वैशाली नगरात घर करून राहिलो. नोकरीची शेवटची सगळी वर्षं मी त्या एका खिडकीमागे काढली. लोकांना वाटतं, परदेशी माणूस म्हणजे आमेरच्या किल्ल्यावर हत्तीवरून जाणारा गोरा. गोऱ्यांचं काम शेजारच्या खिडकीवर, पटकन आणि हसून व्हायचं. माझ्याकडे शेजारी देश होते.

शेजाऱ्यांसाठी आपण किती तऱ्हेची दारं ठेवली आहेत ते बाहेरच्यांना माहीत नसतं, म्हणून सांगते. नेपाळ्याला दारच नाही, सताड उघडं. तिबेटी हिवाळ्यात स्वेटर विकायला बसतात, त्यांच्याकडे एक पुस्तिका असते, तिच्यावर दरवर्षी शिक्का. बांगलादेशीला खिडकी नाही, पोलिसांचा ट्रक आहे. शहरात काही घडलं की कचरा वेचणाऱ्यांच्या वस्तीत तो ट्रक जायचा आणि बंगाली बोलणारा जो सापडेल त्याला भरून आणायचा. त्यात आपल्याच मालदा जिल्ह्यातली माणसं निघायची. "मालदा कहाँ पड़ता है?" असं विचारणारा हवालदार मी माझ्या कानांनी ऐकला आहे. आणि पाकिस्तानी असेल तर तो माझ्याकडे. त्याला देशाचा व्हिसा मिळत नाही, गावाचा मिळतो. जयपूर लिहिलं असेल तर जयपूर. चुलतभावाच्या लग्नाला जोधपूरला जायचं तर अर्ज, चौकशी, आणि उत्तर येईपर्यंत त्या लग्नातलं पहिलं मूल चालायला लागलेलं.

हे पाकिस्तानी म्हणजे बहुतेक सिंधमधले हिंदू. त्यात सुना पुष्कळ. सीमेपलीकडे उमरकोटच्या बाजूला राजपुतांची वस्ती आहे. सगळे एकाच कुळातले, त्यामुळे आपसांत लग्न चालत नाही. पिढ्यानुपिढ्या त्यांच्या मुली वाळवंट ओलांडून राजस्थानात येतात आणि इकडच्या तिकडे जातात. मधे देशाची फाळणी झाली, तरी त्यांचं कुळ बदललं नाही. आम्हाला मात्र ही साधी गोष्ट कधी कळली नाही. दर वेळी नवा अधिकारी आला की फाइल उघडून संशयाने विचारायचा, "हिंदुस्थान में ही शादी क्यों की?"

पद्मा कंवर त्यातलीच एक. झोटवाड्यात वेल्डिंगचं वर्कशॉप असलेल्या भंवरसिंहशी तिचं लग्न झालं होतं. लग्न आट्यासाट्याचं, म्हणजे अदलाबदलीचं: ती इकडे आली आणि भंवरची धाकटी बहीण सरोज पद्माच्या भावाला दिली, ती उमरकोटला गेली. पद्मा माझ्या खिडकीवर हजेरीला यायची तेव्हा पदर कपाळापर्यंत असायचा आणि प्रत्येक वाक्याला "हुकुम". त्यांच्यात मोठ्यांशी बोलायची ती रीतच आहे; होकाराला हुकुम, नमस्काराला हुकुम, काय म्हणालात याला सुद्धा हुकुम. आमच्या साहेबांना ते फार आवडे. त्यांना वाटे, हा आपल्या हुद्द्याचा मान आहे.

एकदा पद्मा मला म्हणाली, "मॅडमजी, सरोजबाईसा पण तिकडे अशाच ठाण्यावर जातात. तिथला मुन्शी पण हेच विचारतो. शादी पाकिस्तान में ही क्यों की?"

मला हसू आलं आणि मग आलं नाही. नंतर मी पाहिलं तर परदेशी नागरिकांचा आपला कायदा इंग्रजांनी जाता जाता करून ठेवलेला. पाकिस्ताननेही तोच ठेवला, बांगलादेशाकडेही तोच गेला. एकमेकांच्या नावाने बोटं मोडणारे हे देश एकाच गोऱ्या साहेबाच्या एकाच कागदावरून एकमेकांच्या लेकीसुनांना ठाण्यावर बोलावतात. बाकी कशात आमचं जमत नाही, यात जमतं.

आता सक्सेनासाहेबांविषयी. ते आमचे प्रमुख. त्यांना सरकारने युरोपातल्या एका देशात अभ्यासदौऱ्यावर पाठवलं होतं. त्या देशाची लोकसंख्या आपल्या एखाद्या जिल्ह्याएवढी असेल. तिथे बाहेरून आलेल्या माणसाला भाषा शिकवतात, शहराचा महापौर त्याला चहाला बोलावतो वगैरे पाहून साहेब भारावून परत आले. भारावल्याचा परिणाम असा झाला की खिडकीबाहेर उन्हात उभ्या राहणाऱ्या बायकांसाठी पत्रे टाकायचे होते ते राहिले, आणि एक परिसंवाद ठरला. विषय: शेजारी देशांतील स्थलांतरितांचं समायोजन, एक तुलनात्मक अभ्यास.

तुलनेचा तक्ता करायचं काम माझ्याकडे आलं. एका रकान्यात आपण, दुसऱ्यात शेजारी. साहेबांची अपेक्षा उघड होती: आपल्या रकान्यात उदारता, त्यांच्या रकान्यात छळ. मी प्रामाणिकपणे भरला. कायदा: तोच. गावापुरता व्हिसा: आपल्याकडे आहे, त्यांच्याकडे आहे. ठाण्यावर हजेरी: दोन्हीकडे. आईबापांच्या मयताला वेळेवर परवानगी: दोन्हीकडे नाही.

साहेबांनी तक्ता वाचला, चष्मा काढला. "शिंदे मॅडम, इससे तो तुलना ही खत्म हो जाएगी."

"मग काय लिहू, सर?"

"कुछ पॉझिटिव्ह ढूँढिए. कोई जीता-जागता उदाहरण." थोडा विचार करून त्यांनीच ते शोधलं. "वो झोटवाड़ा वाली बहू है ना, जो बहुत हुकुम-हुकुम करती है?"

त्याच सुमाराला पद्माच्या आईला तिकडे पक्षाघाताचा झटका आला होता. आईला भेटायला जायची परवानगी पद्माने मागितली होती. इथे थोडं समजावून सांगायला हवं. पाकिस्तानी पासपोर्टवर इथे राहणाऱ्या बाईला जायची परवानगी एक आणि परत यायची परवानगी दुसरी. पहिली आम्ही देऊ शकत होतो, दुसरी दिल्लीहून यायची. दुसरीशिवाय जो गेला तो गेला. शिवाय नागरिकत्वासाठी सलग इतकी वर्षं इथे राहिल्याचं दाखवावं लागतं, आणि पद्माची ती वर्षं जवळजवळ भरत आली होती. तिचा अर्ज साहेबांच्या टेबलावर पडून होता आणि दरम्यान साहेब तुलना करत होते.

परिसंवाद जयपूरच्या एका मोठ्या हॉटेलात झाला. दारात कठपुतळीवाला, आत शेणाने सारवल्यासारखा दिसणारा रंग भिंतींना दिलेला, आणि परगावचे प्राध्यापक त्या रंगाला हात लावून "वा, अस्सल" म्हणत होते. साहेबांनी महापौराच्या चहाचे फोटो पडद्यावर दाखवले. दिल्लीच्या एका प्राध्यापक बाईंनी समायोजनाच्या चार पायऱ्या सांगितल्या. त्यांतल्या एकाही पायरीवर आमची खिडकी नव्हती. मग पद्माला मंचावर बोलावलं. तिच्या सासूने तिला लग्नातला पोशाख घालून पाठवलं होतं. भंवरसिंह मागच्या रांगेत अवघडून बसला होता. साहेबांनी तिची ओळख करून दिली, "इंटीग्रेशन का उत्तम नमूना." ती दालबाटी करते, गणगौर पूजते, सगळं सांगितलं. जणू उमरकोटला दालबाटी म्हणजे काय ते माहीत नसावं आणि गणगौर ती जयपूरला येऊन शिकली असावी.

प्राध्यापक बाईंनी माइक घेतला. "पद्माजी, आप खुद को कहाँ की महसूस करती हैं?"

पद्माने प्रश्न नीट ऐकला. मग ती साहेबांकडे वळून म्हणाली, "हुकुम, मेरी माँ का आधा अंग चला गया है. मुझे जाने की परमिशन कब मिलेगी?"

साहेब गोरेमोरे झाले, पण मुरलेले होते. "आज ही!" असं ते मंचावरून गरजले आणि टाळ्या पडल्या. प्राध्यापक बाईंनी तर डोळ्यांना रुमाल लावला. माझ्या आयुष्यात मी इतक्या स्वस्त टाळ्या पुन्हा ऐकल्या नाहीत.

आणि खरंच, त्याच दुपारी जायची परवानगी निघाली. परतीची नव्हती. मी साहेबांना विचारलं तर म्हणाले, दिल्लीत माझं बोलणं होईल, तिला जाऊ दे, आपण ते तिकडे दूतावासात पाठवून देऊ.

मी पद्माला बाजूला घेतलं. "परतीचा कागद हातात आल्याशिवाय जाऊ नकोस. बोलणं म्हणजे कागद नव्हे."

"मॅडमजी, माँ थांबेल का कागदासाठी?"

"मुलगी?"

मीनू तिची तीन वर्षांची लेक, जन्माने भारतीय. तिला तिकडचा व्हिसा नाकारला होता. पाकिस्तानच्या साहेबांनाही तीन वर्षांच्या मुलीपासून देश वाचवायचा होता. पद्मा म्हणाली, "सासूजी बघतील. महिन्याभरात येते."

ती गेली. आईला भेटली. आई जगली सुद्धा. एक हात आणि वाचा गेली, पण जगली. पद्माने परतीची तयारी केली, आणि त्याच हिवाळ्यात दिल्लीत संसदेवर हल्ला झाला. नव्या वर्षापासून गाड्या बंद, बस बंद, विमानं बंद. दूतावासातली माणसं निम्म्यावर आली. परतीचा कागद दिल्लीत ज्या टेबलावर होता तिथेच राहिला.

भंवरसिंह दर आठवड्याला माझ्या खिडकीवर यायला लागला. अबोल माणूस. हातावर वेल्डिंगच्या ठिणग्यांचे डाग. काही न बोलता उभा राहायचा, मी मान हलवायची, तो जायचा. मी दिल्लीला लिहिलं. दिल्लीने कळवलं की अर्जदार सध्या पाकिस्तानात असल्याने तिने तिथल्या दूतावासात अर्ज करावा. तिने केला. दूतावासाने कळवलं की अर्जदार जयपूरची रहिवासी असल्याने जयपूरच्या कार्यालयाचा अहवाल यावा. जयपूरचं कार्यालय म्हणजे मी. मी अहवाल पाठवला. तो पोचल्याचं कुणी कळवलं नाही. साहेबांना भेटले तर ते म्हणाले, "मॅडम, हालात देखिए." हालात ते रोज टीव्हीवर बघत होतेच.

त्या वर्षीच्या उन्हाळ्यात परिसंवादातले निबंध छापून आले. गुळगुळीत कागद, वर साहेबांचं नाव. आत पद्माचा लग्नाच्या पोशाखातला फोटो, खाली ओळ: जयपूरशी एकरूप झालेली पाकिस्तानी वधू. ती एकरूप झालेली वधू तेव्हा उमरकोटला अडकून पडली होती आणि तिच्या मुलीने सासूला आई म्हणायला सुरुवात केली होती. साहेबांना त्या अंकानंतर बढती मिळून दिल्लीला बोलावणं आलं. निरोपसमारंभात मी हजर होते. बर्फी मी घेतली नाही. कुणाच्या लक्षातही आलं नाही.

आमच्या मराठी मंडळात कुणाला यातलं काही सांगावं तर उत्तर ठरलेलं. "पण शिंदेवहिनी, त्यांना घ्यायचंच कशाला?" हे म्हणणारे गृहस्थ स्वतः तीस वर्षं जयपुरात, मुलांना मराठी वाचता येत नाही, आणि तरी गणपतीत इथल्या लोकांना शिस्त नाही म्हणून कुरकुरणार. पुण्याहून माझे दीर फोनवर परप्रांतीयांचे लोंढे वगैरे बोलायचे. मी म्हटलं, "भाऊजी, मीही परप्रांतीयच आहे की. मला इथे कुणी लोंढा म्हणालं नाही अजून." ते म्हणाले, "आपलं वेगळं आहे." हे वाक्य मी खिडकीच्या दोन्ही बाजूंनी आयुष्यभर ऐकलं.

तिकडे उमरकोटच्या घरात दोघी नणंदभावजया एका छपराखाली होत्या. पद्मा पाकिस्तानी, तिला जयपूरला यायचं होतं. सरोज जयपूरची, तिच्याकडे अजून भारतीय पासपोर्ट होता, तिला यायला भारताची काहीच आडकाठी नव्हती. पण इकडे आली असती तर तिला तिकडे परत घेतलं नसतं, आणि तिचे दोन मुलगे तिकडचे. त्यात ठाण्यावरचा त्रास वाढला. हजेरीला गेली की तासन्‌तास बसवून ठेवायचे. शेवटी तिच्या नवऱ्याने तिला तिकडचं नागरिकत्व घ्यायला लावलं. तिने भारतीय पासपोर्ट परत केला. फोनवर ती भावाजवळ खूप रडली म्हणे. भंवरने मला खिडकीवर एवढंच सांगितलं, "सरोज अब उधर की हो गई."

दुसऱ्या वर्षी भंवर आला तो पहिल्यांदाच काहीतरी विचारायला. "मॅडमजी, नेपाळला पाकिस्तानी जाऊ शकतो?"

"जाऊ शकतो."

"आणि मी?"

"तुला काहीच लागत नाही."

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच काहीतरी देऊन टाकलं आहे. मी फक्त जे सगळ्यांना माहीत असायला हवं ते सांगितलं होतं. पद्मा भावाबरोबर कराचीहून आखातामार्गे काठमांडूला आली. भंवर मीनूला घेऊन गोरखपूरपर्यंत रेल्वेने आणि पुढे बसने गेला. पद्माला तिथल्या विमानतळावर विचारलं, किती दिवस राहणार? तिने सांगितलं. शिक्का मारला. एवढंच. आयुष्यात पहिल्यांदा तिला कुणी शादी यहीं क्यों की असं विचारलं नाही. ज्याच्या माणसांना आपण बहादूर म्हणून हाक मारतो, त्या देशाने आमच्या दोन मोठ्या देशांना न जमलेली गोष्ट केली: एका नवराबायकोला एका खोलीत बसू दिलं.

मीनूने आईला ओळखलं नाही. पहिले दोन दिवस ती बापाच्या पाठीमागे लपून पद्माकडे बघत होती आणि तिला "आंटी" म्हणत होती. पद्माने तिला जवळ ओढलं नाही. ती खोलीत बसून तिच्या बाहुलीला घागरा शिवत राहिली. तिसऱ्या दिवशी मीनू जवळ येऊन बसली आणि म्हणाली, "इसमें नाड़ा भी डालो." हे मला भंवरने परत आल्यावर सांगितलं.

निघायच्या आदल्या दिवशी गेस्ट हाऊसवर एक माणूस भेटला, तिघांना भारतात नेऊन सोडतो म्हणाला. नेपाळ आणि भारत यांच्यामधली सीमा उघडीच आहे, लोक सायकलवरून ये-जा करतात. साडी नेसलेली बाई, बरोबर नवरा आणि मूल, कोण विचारणार? उद्या संध्याकाळी गोरखपूर, परवा जयपूर. भंवर तयार झाला होता, हे त्याने माझ्यापासून लपवलं नाही. पद्मा नाही म्हणाली.

"मी घूंघट घेऊन दारातून आले होते," ती त्याला म्हणाली. "चोरासारखी खिडकीतून येणार नाही. उद्या मीनूच्या लग्नात कुणी म्हणायला नको, हिची आई पळून आलेली."

ती उलट पावली कराचीला गेली. मीनू या वेळी रडली. पद्माला तेवढं बरोबर न्यायला मिळालं.

पुढे हालात बदलले. दोन्हीकडच्या नेत्यांनी हात मिळवले, गाड्या सुरू झाल्या, आणि पद्मा अटारीमार्गे जयपूरला आली. हजेरीला माझ्या खिडकीवर आली तेव्हा माझ्याजवळ बसलेला नवा अधिकारी म्हणाला, आधीचा मुक्काम खंडित झाला आहे, आता मोजणी पहिल्यापासून. मी त्याच्याकडे पाहिलं. मुलगा वाईट नव्हता. नियम वाचत होता.

मधल्या काळात सरकारने राजस्थानातल्या अशा लोकांना नागरिकत्व द्यायचे अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना दिले होते, त्यासाठी शिबिरं भरत होती. मंत्री यायचे, हार घालायचे, फोटो काढायचे. ज्यांना उन्हात उभं केलं होतं त्यांच्याच बरोबर आता सावलीत उभे राहायचे. मी पद्माचा अर्ज त्यात घातला. तो शेरा मारून परत आला: अर्जदार महिला विवाहानंतर दोन वर्षांहून अधिक काळ पाकिस्तानात का राहिली, याचा खुलासा करावा.

इतक्या वर्षांच्या नोकरीत मी खुलासे लिहिण्यात वाकबगार झाले होते. तीन पानांत काही न सांगायची कला मला येत होती. या वेळी एक ओळ लिहिली: आपण तिला परत येऊ दिलं नाही म्हणून. नव्या अधिकाऱ्याने ती वाचून विचारलं, "मॅडम, असंच पाठवायचं?" म्हटलं, असंच. तुम्हाला नको असेल तर माझ्या एकटीच्या सहीने जाऊ द्या. त्याने शेजारी सही केली. जिल्हाधिकारी एक बाई होत्या, त्यांनी ती ओळ वाचली, मधला काळ अर्जदाराच्या हाताबाहेरचा होता असं मान्य केलं, आणि पद्मा कंवर भारताची नागरिक झाली. शिबिरात तिलाही हार घातला. तिथल्या एका पत्रकाराने विचारलं, कसं वाटतंय? ती म्हणाली, "हुकुम." त्याने ते आनंद असं लिहून घेतलं.

वर्षभरात ती पुन्हा माझ्याकडे आली, हातात भारतीय पासपोर्ट. तिकडे जायचा व्हिसा नाकारला होता. आई खाटेवरच होती, आता भरवावं लागत होतं. पाकिस्तानी होती तोवर आईकडे जायला पाकिस्तानने कधी अडवलं नव्हतं, फक्त आम्ही परत घेत नव्हतो. आता आम्ही परत घ्यायला तयार, तर ते आत घेत नव्हते. तिने मला विचारलं, "मॅडमजी, आता मी काय चुकले?" समायोजनाच्या चार पायऱ्या सांगणाऱ्या प्राध्यापक बाई असत्या तर त्यांनी बहुधा पाचवी काढली असती.

माझ्या निवृत्तीच्या आधीच्या हिवाळ्यात सरोजचा अर्ज आला. पाकिस्तानी नागरिक, जयपूरला आईवडिलांना भेटण्यासाठी. अशा पाहुण्यासाठी इथल्या नागरिकाची हमी लागते की ही बाई मुदत संपल्यावर परत जाईल. भंवर आजारी होता, म्हणून हमी द्यायला पद्मा आली.

खिडकीवर नवीन हवालदार होता. त्याने दरडावून विचारलं, "गारंटी लेती हो? पाकिस्तानी औरत है, वापस जाएगी ना?"

"जाएगी, हुकुम," पद्मा म्हणाली. "जाना तो पड़ता ही है." आणि तिने सही केली.

सरोज आली. चोवीस तासांच्या आत हजेरी लावायची असते, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळीच दोघी आल्या. फोनवरच्या गोष्टींतून मी जिला वर्षानुवर्षं ओळखत होते ती सरोज मी पहिल्यांदाच पाहिली. भावासारखीच, रुंद कपाळाची, गप्प. हवालदार नियम सांगायला लागला तर पद्मानेच तिला बाजूला घेऊन सगळे सांगून टाकले: शहराबाहेर जायचं नाही, घर बदललं तर कळवायचं, जायच्या आदल्या दिवशी पुन्हा इथे यायचं. कुणाच्या मयतालाही नाही, हे तिने वेगळं सांगितलं. सरोज मान हलवत ऐकत होती. झोटवाड्यात जन्मली, इथल्याच शाळेत शिकली, इथूनच वरात निघाली.

निघता निघता ती परत वळली आणि खिडकीतून आत वाकली.

"मॅडमजी, माझी मावशी सांगानेरला असते. छापखान्याजवळ. तिला बघून यायचं होतं." मग तिने विचारलं, "सांगानेर जयपुरातच येतं ना?"

"येतं," मी म्हटलं. "अजून तरी."